लेंड्या तुमच्या, माती शाळेची

शिनोली सोडून भीमाशंकरच्या रस्त्याने वर निघालं की डाव्या हाताला, डोंगराच्या पोटाशी, पत्र्याचं लांबलचक छप्पर दिसतं. ते आमचं हायस्कूल. सरकारी आहे, पाचवी ते दहावी. वरच्या वस्त्यांवरची पोरं उतरून येतात, खालची चढून येतात, आणि उशीर का झाला म्हणून विचारलं तर दोन्हीकडची पोरं चढाचंच कारण सांगतात.

मी शिकले चौथीपर्यंत. हायस्कूलची पायरी मी पहिल्यांदा चढले ती माझी मुलगी तिथे नववीत असताना, पालकसभेसाठी. शिपाई म्हणाला, "मावशी, चपला राहू द्या पायात." तरी मी काढल्याच. मला भिंतीवरच्या घड्याळाचीसुद्धा भीड वाटते, तिथे तर समोर हेडसर होते.

चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लग्नात नाव घ्यायला मी इतका वेळ लावला की बँडवाले जेवून परत आले. तेव्हापासून माझ्या वाटचं बोलणं माझी मोठी चुलत जाऊ बोलते. तिचं घर शेजारीच आहे. मी तिच्या कानात सांगायचं आणि तिनं गावाला सांगायचं, अशी आमची वाटणी. फक्त ती सांगताना आवाज वाढवते आणि मजकूरही वाढवते.

मुलगी खो-खो खेळते. चांगली खेळते असं सगळे म्हणतात. पण आदल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धा मंचरला झाल्या, शाळेचा संघ गेला आणि ही घरी राहिली. तिचे वडील तेव्हा मेंढरं घेऊन राजुरीकडच्या कोरड्या रानात होते. तिथूनच त्यांनी फोनवर निकाल दिला, "खेळायचं तर आपल्या गावात खेळ. मंचरच्या बाजारात हाफ पँट घालून पळायची काय गरज न्हाई." पोरीने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. पण ते राजुरीला असल्यामुळे तो त्यांना कळलाच नाही. त्यांच्या वाटचा अबोला मी सोसला. तेही बरोबरच होतं म्हणा. फोन माझ्या हातात होता, आणि मी "बरं" याच्यापुढे काही बोलले नव्हते.

यंदा पालकसभेत हेडसर म्हणाले, "तालुक्याच्या मुलींच्या खो-खो स्पर्धा या वर्षी आपल्याला मिळू शकतात. पुढच्या शनिवारी तालुक्याचे क्रीडा अधिकारी साहेब मैदान बघायला येणार आहेत. पसंत पडलं तर इथे, नाहीतर नेहमीप्रमाणे मंचरला."

मुलगी वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

अडचण मैदानाची होती. पाऊस नुकताच उघडला होता आणि मैदानात कमरेएवढं गवत माजलं होतं. सातवीचा वर्ग खेळाच्या तासाला त्यात लपाछपी खेळायला गेला, तर तास संपल्यावर दोन पोरं सापडेनात. एक पालक म्हणाले तणनाशक मारा. दुसरे म्हणाले, त्यावर पोरी पळणार हायेत, मग त्यान्लाच मारल्यागत व्हईल. कोणी म्हणालं पेटवून द्या. कोणी म्हणालं, हिरवं गवत पेटवायला काय तुझा सासरा येतोय का.

मी जावेच्या कानाशी लागून म्हटलं, "जाऊबाई, आमची मेंढरं सोडली तर चार-पाच दिसांत साफ करतील."

जाऊ उभी राहिली. "ओ सर! ही काय म्हणती बघा! हिची दोनशे मेंढरं हायेत, तीन दिसांत मैदान चाटूनपुसून देत्यात म्हणती! हिच्या मालकानं शबुद दिलाय!"

मेंढरं दीडशेही नव्हती, आणि मालकाला तर काहीच माहीत नव्हतं. सगळ्या सभेने माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी पदर तोंडाला लावला. सरांना वाटलं मी हसतेय.

हे दसऱ्याला मेंढरं घेऊन घरी आलेलेच होते. गवताचं नाव काढल्यावर तयार झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचं आणि हेडसरांचं शाळेच्या फाटकात बोलणं झालं. मी भाकरी द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"सर, शिध्याचं काय?"

"कसला शिधा?"

"ज्याच्या रानात मेंढरं बसत्यात, त्यो धान्य देतो, मेंढक्याला जेवाण देतो. रीत हाय."

"अहो, पण गवत मी देतोय तुम्हाला. फुकट. खरं तर तुम्हीच—"

"गवत काय सर, त्ये उगवतंच. खत कोण देतंय? आमी."

हेडसर मंचरचे. रोज मोटारसायकलवर येतात. गणिताचे आहेत, माणूस सरळ आहे. 'खत' हा शब्द त्यांनी ऐकला, पण पायाखाली येईपर्यंत तो त्यांच्या ध्यानात आला नाही. शाळेकडे धान्य काही नव्हतं. शेवटी सरांनी दुपारचा स्वतःचा डबा अर्धा द्यायचा, असं ठरलं.

मेंढरं मैदानात शिरली. आमच्यात मेंढरं जिथे चरतात तिथेच रात्री बसवतात. चारी बाजूंनी जाळी बांधायची, तिला वाघर म्हणतात. आत मेंढरं, बाहेर कुत्रा आणि माणूस, कारण बिबट्या आमच्याकडे पाव्हण्यासारखा न कळवता येतो. वाघर बांधायला खुंट लागतात. मैदानात खो-खोचे दोन खांब आयतेच रोवलेले होते. ह्यांना ते फार आवडले. "शाळंनं सोय चांगली केलीया," म्हणाले. म्हणजे मेंढरं दिवसा सगळीकडे चरायची आणि रात्री बरोबर खो-खोच्या मैदानावर बसायची.

इकडे मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांना ती दादा म्हणते. पहिल्याच दिवशी दप्तर आपटून म्हणाली, "आई, दादा हेडसरांच्या डब्यात हात घालून जेवत्यात!"

"मग सरांनी काय केलं?"

"सर दादांच्या फडक्यातली भाकरी खात व्हते. आणि दादा त्यान्ला म्हणाले, सर, तुमच्या भाजीत तिखट न्हाई, मंचरात मिरची महाग झालीया का? सगळ्या वर्गानं ऐकलं!"

पुढचे दिवस मी दोन भाकऱ्या जास्त दिल्या आणि ठेचा वेगळा. फडकं रिकामं परत यायचं. शाळेच्या व्हरांड्यात एका बाजूला हेडसर, एका बाजूला हे, मध्ये डबा आणि पायाशी कुत्रा. समोरच्या अंगणात पोरी खो-खोचा सराव करायच्या, मेंढरं मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात चरायची. मेंढरं बघायच्या नावाखाली हे काय बघत होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. घरी कधी काही बोलले नाहीत. एकदाच भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोरगी वळताना आधी पाय वळवती. आधी डोकं वळवाया पायजे. मेंढरू बघ, डोकं वळलं की सगळं वळतं." मी "बरं" म्हटलं.

बुधवारी गवत संपलं. मेंढरं बाहेर काढली, वाघर सोडली, आणि हेडसर पहिल्यांदाच मैदानात उतरले. मी तिथेच होते. सर चार पावलं चालले आणि थांबले. पायाखालचं सगळं काळं, गोल आणि मऊ होतं.

"हे काय आहे?"

"सोनं हाय सर," हे म्हणाले आणि मेंढरं हाकत डोंगराकडे निघून गेले. त्यांच्या परीने काम झालं होतं.

शनिवारी साहेब येणार होते. पोरांकडून लेंड्या झाडून घ्यायच्या तर पालक ओरडणार. सरांनी बराच विचार केला आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'शाळेच्या मैदानावर लेंडीखत उपलब्ध आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी उद्या घेऊन जावे. विनामूल्य.'

कांदा लागवडीच्या तोंडावर आमच्या भागात असं लिहायचं नसतं. पण सरांना ते कोण सांगणार? माझी जाऊ तर मुळीच नाही. तिने तो निरोप वाचला आणि आधी घरातली सगळी घमेली बाहेर काढली.

गुरुवारी उजाडायच्या आत अख्खं गाव मैदानात होतं. खराटे, फावडी, पोती, बैलगाडी. ज्या बायका पालकसभेला कधी फिरकल्या नाहीत त्याही आल्या. आणि एक ट्रॅक्टर आला, तो 'नातवा'चा. मैदानाची जागा ज्यांनी शाळेला दिली, त्यांचा हा नातू. आता त्यालाही नातू झालाय, पण गावात त्याची ओळख तीच. तो ट्रॉलीवर उभा राहून म्हणाला, "जागा आमच्या आज्यानं दिलेली हाय. पैला मान माजा."

जाऊ म्हणाली, "आज्यानं जागा दिली, लेंड्या न्हाई दिल्या! त्या आमच्या दिराच्या मेंढरांच्या हायेत. मान आमचा!"

"मग दिराला बोलवा."

"दीर डोंगरात हाय. तवर मी हाय."

दोघं भांडत होते, तेवढ्यात बाकीच्यांनी निम्मं मैदान झाडून नेलं. ते पाहून दोघंही भांडण सोडून कामाला लागले. वरवरचं संपल्यावर लोक खरवडायला लागले. खरवडून संपल्यावर खणायला लागले, कारण मूत मुरलेली मातीही खतच असते. आणि मेंढरं जिथे रोज रात्री बसली, तिथे खत सगळ्यात जास्त. तिथेच सगळ्यांची फावडी.

दुपारी मी गेले तेव्हा मैदान घरच्या अंगणासारखं स्वच्छ होतं. फक्त दोन खांबांच्या मध्ये, जिथे पोरींनी पळायचं, तिथे गुडघाभर खड्डा होता. खांब उघडे पडून हलत होते. मुलगी खड्ड्यात उतरून उभी होती. रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "आता मंचरलाच व्हणार ना गं?"

हेडसर म्हणाले मुरूम टाकू. पण मुरमावर खो-खो खेळलं तर पोरींचे गुडघे फुटतात. हवी होती तीच माती.

मी घरी गेले, रिकामं घमेलं घेतलं आणि निघाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. घमेलं बघून कळेल, असं वाटलं होतं.

पहिलं घर नातवाचं. दारात ताडपत्रीखाली ढीग. त्याची बायको बाहेर आली. मी उभी राहिले. ती उभी राहिली. मग म्हणाली, "बसा की. चा टाकते." मी चहा पिऊन बाहेर पडले. दुसऱ्या घरातल्या म्हातारीला वाटलं मी शेण मागायला आले. तिने घमेलं भरून शेण दिलं. नाही म्हणवेना. ते घरी टाकून, घमेलं धुऊन तिसऱ्या घरी गेले, तर तिथल्या सूनबाईने विचारलं, "कोण गेलं का काय? अशा का उब्या हायेत?" मी मान हलवली. ती कशी हलली देव जाणे, पण सूनबाई सासूला बोलवायला आत पळाली. सासूने डोळ्यांना पदर लावला, तशी मी तिथूनही सटकले.

शेवटी जावेच्या दारात आले. तिने सगळ्यात जास्त नेलं होतं. परसात ढीग, त्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर ती स्वतः बसलेली.

"काय गं? बोल की. कानात सांग, मी सांगते कुणाला सांगायचं त्ये."

पण सांगायचं तिलाच होतं. माझ्या वतीने तिलाच सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ती खड्ड्यात उभी असलेली पोर आली आणि माझ्या तोंडून एवढ्या मोठ्याने आवाज निघाला की जावेची कोंबडी उडाली.

"माती परत द्या! लेंड्या तुमच्या, माती शाळेची!"

जाऊ गोणपाटावरून उठली. म्हणाली, "अगं बया. तुला आवाज हाय की."

आणि मग ती भांडली नाही. तिला ते वाक्यच फार आवडलं. तिने ढिगातलं एक घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि गावातून ओरडत निघाली, "लेंड्या तुमच्या, माती शाळेची! आणा माघारी! पोरी खड्ड्यात खो-खो खेळनार हायेत का?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने माझं बोलणं न वाढवता सांगितलं होतं. पुढचं वाक्य तिचं स्वतःचं होतं, पण तेही वाईट नव्हतं.

लोक आले. मात्र आता नवीन प्रश्न निघाला. लेंडी आणि माती वेगळी कशी करायची? फुकट मिळालेलं खत मातीबरोबर परत द्यायला कोणी तयार नव्हतं. मग वाळू चाळायच्या चाळण्या आल्या, गव्हाच्या आल्या, एकीने तर पिठाची आणली. तिला बाकीच्यांनी परत पाठवलं. शुक्रवारी दिवसभर सगळं गाव खड्ड्याभोवती बसून माती चाळत होतं. चाळणीवर राहील ते घरचं, खाली पडेल ते शाळेचं. नातू ट्रॉलीच घेऊन आला. तो म्हणाला, "मी घरी चाळून आनतो," तर चार जण एकदम म्हणाले, "हितंच चाळ, राव. आमच्या डोळ्यांदेखत."

शनिवारी सकाळीही थोडं राहिलंच होतं. साहेब आले तेव्हा तीस-चाळीस बाया-माणसं चाळण्या हलवत बसलेली. साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

हेडसरांनी जराही न अडखळता सांगितलं, "पालकांचा सहभाग, सर. खडा राहू नये म्हणून मैदानाची माती चाळून टाकतोय."

साहेब वाकले. चिमूटभर माती हातात घेऊन चोळली. साहेब म्हणाले, "इतकी मऊ माती मी तालुक्यात पाहिली नाही." मग हाताचा वास घेतला आणि रुमाल काढून हात पुसला. पण स्पर्धा आम्हाला मिळाल्या.

स्पर्धेच्या दिवशी ऊन चांगलं पडलं. ऊन चढलं तसा मैदानाचा वासही चढला. आम्हाला तो वास येत नाही, पण मंचरच्या पोरी नाकाला रुमाल लावून उतरल्या. त्यांच्या पायांत बूट, अंगात एकसारखे कपडे. आमच्या पोरी अनवाणी. खांबाजवळ झेप टाकून गडी बाद करायचा तर जमिनीवर पालथं पडावं लागतं. मंचरच्या पोरी खाली बघायच्या आणि झेप अर्धवट सोडायच्या. आमच्या पोरी अशा पडायच्या की जणू अंथरुणावर पडतायत. माझी पोरगी तर उठायची तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसायचे.

हे मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या मागे, काठीवर हनुवटी टेकून उभे होते. एकदा मुलगी खांबाला वळसा घालताना यांची मान तिच्याबरोबर गर्रकन वळली. मला वाटलं, आता पाठोपाठ हेही वळतात.

आमच्या पोरी जिंकल्या. जाऊ एवढी ओरडली की हेडसरांनी तिला माइकपासून लांब उभं केलं. मग साहेबांनी माइक घेतला आणि सांगितलं, "विजयी संघाचं अभिनंदन! पुढची फेरी दोन दिवसांनी मंचरला."

टाळ्या वाजल्या. मुलीने वाजवल्या नाहीत. तिने आधी वडिलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. एवढी माती चाळून आम्ही पुन्हा मंचरलाच येऊन थांबलो होतो.

या वेळी मात्र मी खाली पाहिलं नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी वाक्य तयार केलं. 'पोरगी मंचरला जाणार.' बस, एवढंच. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली. प्रत्येक भाकरीला मी ते वाक्य ओठांपर्यंत आणायचे आणि भाकरी उलटायची वेळ व्हायची. चौथी भाकरी तव्यावर टाकून मी वळले, तोंड उघडलं, आणि हेच म्हणाले,

"मंचरची गाडी सकाळी कितीला हाय?"

मुलीच्या हातातलं ताट वाजलं.

"कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजी? हिला कोण सांगनार डोकं वळवाया? त्यो खेळाचा मास्तर लांबून शिट्टी वाजवतो नुसती. मी जातो संगं." मग म्हणाले, "हाफ पँट धुऊन टाक गं. लई माखलीया."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी ते भाकरीबरोबर गिळलं. तोवर त्यांना दुसरं सुचलं, "पर मेंढरं कोण बघणार?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं. दारात उभ्या असलेल्या जावेनेही पाहिलं, आणि लगेच म्हणाली, "मला जायाच लागंल बाई. पोरींच्या बाजूनं वरडाया कुणी नको का?"

अशा रीतीने ज्या दिवशी माझी मुलगी मंचरला खेळली, त्या दिवशी सगळं घर मंचरला होतं आणि मी डोंगरावर, मेंढरांपाशी. मला वाईट वाटलं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर इतक्या माणसांत जायचं टळलं, म्हणून निम्मं बरं वाटलं होतं. उरलेलं निम्मं फोनकडे लागलं होतं.

रेंज एकाच खडकावर येते. मी तिथे फोन हातात धरून बसले. दुपारी वाजला. आधी नुसता गोंगाट ऐकू आला, मग जावेचा आवाज.

"हरल्या गं! एका गड्यानं हरल्या! पोरगी झ्याक पळाली, आपल्या बाजूनं शेवटपतुर तीच व्हती!"

"रडती का?"

"ती न्हाई रडत. ती दादांच्या हाताला धरून वढतीया, चला म्हणून. गाडी सुटायची वेळ झाली, आन् तुजा नवरा आजून पंचाशी भांडतोय! म्हणतो, मेंढराचं पिल्लू सुदिक सांगल पोरगी बाद न्हाई म्हणून! थांब, देऊ का त्यान्ला? त्यान्ला सांग गाडी जाईल म्हणावं. माजं ऐकंनात."

"द्या," मी म्हटलं.

खडकावर मी उभी राहिले, घसा साफ केला.